बाजूला ठेवलेले फोटो

आमच्या हिने ब्लॉग काढला तेव्हा मी तिची भरपूर टिंगल केली. रफू करणारी बाई ब्लॉगवर लिहून लिहून काय लिहिणार, तर भोक कसं बुजवावं! पण लोक वाचायला लागले. मी आयुष्यभर बस चालवली, रोज शेकडो माणसं माझ्या पाठीमागे बसून गेली, त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही की तुम्ही ते अवघड वळण इतकं अलगद कसं घेता. हिला मात्र कुठली कुठली माणसं विचारायची, मोज्याची टाच विरली तर उभे धागे कुठून सुरू करायचे, कोटाला निखाऱ्याचं भोक पडलं तर धागा कुठून आणायचा. मला जरा पोटात दुखायचं, हे सांगून टाकतो.

हिची पद्धत अशी. कापडाला भोक पडलं की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा काढायचा आणि भिंगाखाली धरून भोकाच्या जागी उभा-आडवा विणत जायचं. नीट जमलं तर कपड्याच्या मालकालाही जागा सापडत नाही. "जोड दिसला की काम फसलं," हे हिचं पालुपद. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन.

हे काम हिला आणि हिच्या धाकट्या बहिणीला त्यांच्या वडिलांनी शिकवलं. धाकटीला सगळेच धाकटी म्हणायचे, मीसुद्धा. वडिलांच्या मागे दुकान दोघी चालवायच्या. खिडकीपाशी दोन खुर्च्या, मधे एक दिवा, आणि दिवसभर दोघींची बडबड. धाकटीचा हात जलद होता, पण हिच्याइतका बारीक नव्हता. तिचं काम चांगलं असायचं, फक्त उजेडात तिरकं धरलं तर कळायचं. एकदा तिने एका गिऱ्हाइकाच्या तपकिरी कोटाचं कोपर रफू केलं. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, हिने तो सहज खिडकीशी नेऊन पाहिला, आणि त्या माणसाच्या देखत, धाकटीच्या देखत, कात्री घालून सगळं उसवलं. "परवा या, मी करून ठेवते," असं वर म्हणाली.

त्यांच्या वडिलांचा एक नियम होता. दुसऱ्याचं काम गिऱ्हाइकासमोर उसवायचं नाही. वाईट असलं तरी नाही. दुकान बंद झाल्यावर काय ते करा. धाकटीने बोटातलं शिवणाचं टोपण काढून पर्समध्ये टाकलं, पदर सारखा करावा तसा स्कार्फ सारखा केला आणि गेली ती गेलीच. ही म्हणायची, "काम खराब होतं, मी काय खोटं बोलू?" काम खराब होतं, मान्य. पण माझी बस सुटताना एखादा माणूस धावत आला, तर नियमाने मी थांबायला नको, तरी थांबतोच ना आपण? हे मी हिला एकदा म्हटलं. त्या रात्री मला जेवण मिळालं, पण संभाषण मिळालं नाही.

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. दोघींच्याही नाकावर माशी बसलेली खपत नाही. हिने फोन उचलून खाली ठेवलेला मी पाहिलाय, एकदा नाही, खूपदा. मग एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाने बोलता बोलता सांगितलं की धाकटी आता एका लॉंड्रीत कपडे घ्यायला-द्यायला बसते आणि फोनवर हिचा ब्लॉग वाचत असते. ही "असं का" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तो काही केल्या ओवला जाईना.

त्याच आठवड्यात हिने आमच्या लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी असते, वेबसाइटची कामं करते.

"ते दुसऱ्यांच्या ब्लॉगवर कडेला फोटो सरकत असतात, ते मला पाहिजे," ही म्हणाली.

"विजेट म्हणतात त्याला, आई. लोक सोशल मीडियावर हॅशटॅग लावून फोटो टाकतात, आणि ते आपोआप तुझ्या पानावर येतात."

"म्हणजे मला पाठवावे लागत नाहीत?"

"नाही. त्यांनी आपापल्या खात्यावर टाकायचे, बस."

हिने हातातली सुई खोचून ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ज्याला माझ्याशी बोलायचं नाही, त्यालासुद्धा टाकता येईल?"

लेकीला कळलं. मलाही कळलं. "येईल की," लेक म्हणाली, "कुणालाही येईल."

मग निवड सुरू झाली. लग्नाला स्थळं पाहताना आम्ही इतका काथ्याकूट केला नव्हता. लेक तिकडून स्क्रीनवर एकेक विजेट उघडून दाखवायची, ही इकडून कापड पाहावं तसं प्रत्येकाच्या कडा पाहायची. पहिलं फुकट होतं, पण प्रत्येक चार फोटोंनंतर कसलीतरी जाहिरात यायची. "माझ्या पानावर गाद्या विकायच्या नाहीत," ही म्हणाली. दुसरं दिसायला झकपक, पण त्याने ब्लॉग इतका हळू उघडायचा की तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा. तिसरं साधं होतं. पांढऱ्यावर चौकोनी फोटो, खाली टाकणाऱ्याचं नाव आणि त्याने लिहिलेली ओळ. हिने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्याचा जोड दिसत नाही. हेच घे."

आठवडाभर ते छान चाललं. हॅशटॅग होता हिच्या वडिलांच्या दुकानाचं नाव. लोकांचे मोजे येत होते, हातमोजे येत होते, एका गृहस्थांनी तंबूला ठिगळ लावलं होतं तेही आलं. मग कुणाचंतरी त्याच नावाचं टायरचं दुकान निघालं आणि आमच्या पानावर टायर यायला लागले. कुणी नुसत्या अंगठ्याचा फोटो टाकला. एकाने कुत्रं टाकलं. मला कुत्रं आवडलं होतं. पण ही संतापली. मी म्हटलं, "अगं, राहू दे की, येईनात का चार कुत्री. लोकांना हसू येईल." ती म्हणाली, "लोक माझ्याकडे हसायला येत नाहीत."

पुन्हा लेकीला फोन. लेक म्हणाली, "दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक फोटो तू आधी बघायचा आणि मग हो म्हणायचं. ते रोजचं काम होईल. नाहीतर विजेटच गाळतं. अस्पष्ट, अंधारे, आणि ज्यात काहीच नाही असे रिकामे फोटो ते स्वतःच बाजूला ठेवतं. टायर, कुत्रा असे शब्दही गाळायला सांगता येतील."

"बाजूला म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"आत एक वेगळं पान असतं, बाबा. हवं तेव्हा बघता येतं."

"रिकामे फोटो कशाला हवेत मला," ही म्हणाली आणि तिन्ही खुणा स्वतःच्या हाताने केल्या. अस्पष्ट, अंधारे, रिकामे. टायर गेले, अंगठा गेला, कुत्रं गेलं. पान कसं स्वच्छ झालं. आत वेगळं पान आहे हे आम्ही तिघेही विसरून गेलो. बाजूला ठेवलं की माणूस विसरतोच, त्यासाठीच तर बाजूला ठेवतो.

त्यानंतर हिने तो लेख लिहिला. मी तो छापून घेतला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मथळा होता, "गिऱ्हाइकासमोर उसवू नये". आधी वडिलांचा नियम सांगितला. मग लिहिलं, की मी तो एकदा मोडला, समोरचं काम माझ्याहून कमी होतं म्हणून मोडला, आणि त्या दिवशी दुकानात सर्वांत वाईट काम माझं होतं. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तपकिरी कोट मात्र लिहिला होता. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडला. हिच्या तोंडून "चुकले" हा शब्द मी संसारात कधी ऐकला नव्हता, आणि तो आला तोही माझ्यासाठी नव्हे. तरी बरं वाटलं.

मग ही वाट पाहायला लागली. सकाळी उठली की तोंड धुण्याआधी कॉम्प्युटर. कडेचे फोटो वरपासून खालपर्यंत पाहायचे. अनोळखी बाईचा स्वेटर. अनोळखी बाप्याची पँट. मी चिडवायचो, "काय, आज कुणाचे मोजे?" पुढे पुढे चिडवणं सोडून दिलं. तिचा चेहराच तसा व्हायचा. लेखाखाली लोकांनी खूप छान छान लिहिलं, काहींनी तर आपल्या भांडणांच्या हकिगती लिहिल्या. धाकटीकडून काही आलं नाही.

"वाचला नसेल," मी म्हणायचो.

"वाचलाय. ती सगळं वाचते," ही म्हणायची. आणि एक दिवस म्हणाली, "ठीक आहे. तिला माफ करायचं नाहीये. तो तिचा हक्क आहे." त्यानंतर तिने सकाळी कॉम्प्युटर उघडणं बंद केलं. लेखही पूर्वीसारखे राहिले नाहीत. धुतलेल्या कापडासारखे झाले, स्वच्छ आणि फिके.

लेक सुट्टीला आली ते पुष्कळ महिन्यांनी. ब्लॉग जड झालाय, विजेट बदलू या, असं म्हणत ती जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसली. मी बटाटे सोलत होतो. ही पलीकडे एका हातमोज्याचं बोट रफू करत होती.

"अरे बापरे," लेक म्हणाली, "हे बाजूला ठेवलेलं पान कुणी उघडलंच नाही का? केवढे साठलेत!" आणि ती हसत हसत एकेक पुढे सरकवायला लागली. "अंगठा. काळोख. पुन्हा टायर. हे काय, कुणीतरी नुसतं तपकिरी कापडच टाकलंय. काहीच नाहीये ह्यात."

हिच्या हातातला हातमोजा खाली पडला. "थांब," ती म्हणाली. "मागे जा."

फोटो म्हणजे खरंच नुसतं तपकिरी कापड होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकसारखं. मला त्यात काही दिसलं नाही, लेकीला दिसलं नाही. ही उठली, आपलं कामाचं भिंग घेऊन आली आणि स्क्रीनला नाक लावून उभी राहिली. मग स्क्रीनवर बोट ठेवलं.

"इथून," ती म्हणाली. बोट हळूहळू सरकलं. "इथपर्यंत. एवढं मोठं भोक होतं. त्या कोटाच्या कोपराएवढं." तिने भिंग खाली ठेवलं. "अहो, मला नसतं जमलं हो हे. मला सुद्धा नसतं जमलं."

लेकीने खालची ओळ वाचली. "ताई, तुझा लेख वाचला. आता जमलंय का बघ."

लेख आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा फोटो होता तो. त्याच्या पुढे आणखी एक, तेच कापड, उजेडात आणून, जवळून काढलेलं. "पहिला दिसला नाही बहुतेक. पुन्हा पाठवते." आणि पुढे तिसरा, तेच कापड. "सगळ्यांचे मोजे दिसतात. माझंच दिसत नाही. कळलं, ताई."

लेक म्हणाली, "विजेटला ते रिकामं वाटलं, आई. जोड दिसतच नाही ना. त्याला काय कळणार की..." आणि ती थांबली. तिच्या लक्षात आलं की हे बोलून कुणाचं समाधान होणार नाही. तिकडे धाकटीच्या डोळ्यांसमोर रोज काय होतं? टाचेला लाल दोऱ्याने टाके घातलेले मोजे, तंबूचं ठिगळ, जगातलं कसलंही ओबडधोबड काम ताई आपल्या पानावर मिरवते आहे. आणि आपलं मात्र, जीव ओतून केलेलं, तिन्ही वेळा काढून टाकते आहे. चारचौघांत. गिऱ्हाइकांसमोर.

"आत्ताच्या आत्ता दाखव ते," ही म्हणाली. "सगळ्यात वर. तिन्ही."

लेकीने बटण दाबलं. ब्लॉग उघडला. कडेला सगळ्यात वर तीन चौकोन आले, तिन्ही करडे. आत काहीच नाही.

"मावशीने खातंच बंद केलंय," लेक हळूच म्हणाली. "आत छोटी प्रत उरली होती, तीच आपण पाहिली. बाहेर दाखवायला मूळ फोटो लागतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं धाकटीकडे गेलो. बसने गेलो. ड्रायव्हरने वळण वाईट घेतलं, तरी मी काही बोललो नाही, ह्यावरून माझं कुठे लक्ष नव्हतं ते समजा. लॉंड्रीच्या वरच्या मजल्यावर धाकटीची खोली. खालून वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. दार तिनेच उघडलं. केस पिकले होते. हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "या भाऊजी." हिला म्हणाली, "बस."

चहा झाला. हवापाणी झालं. मग हिने विजेटचं सांगायला सुरुवात केली, आणि माझ्या जन्मात मी इतकं वाईट समर्थन ऐकलं नाही. रिकामे फोटो, अंधारे फोटो, टायर, कुत्रं. त्या खोलीत ते सगळं लबाडीसारखं वाटत होतं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. धाकटी शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे मशीनने काढले," ती म्हणाली.

"हो."

"आणि मशीनला कुणी सांगितलं काढायला?"

मला वाटलं, ही आता लेकीचं नाव घेईल, नाहीतर माझं तरी. मी तयारच होतो.

"मी," ही म्हणाली. "मीच सांगितलं. कुणाचं आहे ते न बघता." आणि मग तिला रडू फुटलं. "धाकटे, काल पाहिलं मी ते. भिंगाखाली पाहिलं. बाबांच्या हातून सुद्धा असं झालेलं मी पाहिलं नाही. मला एकदा हातात घेऊन बघू दे. ते कापड दाखव ना."

धाकटी जागची हलली नाही. खालच्या मजल्यावर कुठलंसं यंत्र सुरू झालं आणि खोलीतल्या कपबशा बारीक किणकिणल्या. मग ती उठली, कपाटाचा खण ओढला आणि एक घडी आणून हिच्या मांडीवर ठेवली. तपकिरी लोकरीचं कापड. हिने ते अधीरपणे उलगडलं. मधोमध भोक होतं. भोवती धाग्यांची बारीक मोकळी टोकं उभी होती, पिसासारखी.

हिने वर पाहिलं.

"उसवलं मी," धाकटी म्हणाली. "तिसऱ्यांदा दिसलं नाही तेव्हा. म्हटलं, ह्या वेळी ताईला तरी कशाला त्रास, आपणच उसवू."

"अगं, त्यात काही चूक नव्हती गं," ही म्हणाली. "एक धागा सुद्धा..."

"मला काय माहीत? मला वाटलं, तुला दिसली असेल काहीतरी. तुला दिसतंच नेहमी." ती रागावून बोलत नव्हती, तेच ऐकवत नव्हतं. "खूप शोधली मी चूक. आठवडाभर शोधली. सापडली नाही, म्हणून मग सगळंच उसवलं."

"पुन्हा कर ना. माझ्यासाठी. मी शेजारी बसते, दिवा धरते."

धाकटीने मान हलवली. "मी कितीदा केलं होतं ते, तुला माहीत नाही. शेकड्यांनी तुकडे फुकट गेले. ते एकदाच जमलं, ताई."

ती ताई म्हणाली हे मी ऐकलं. हिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही. ती त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होती, जशी ती कुणाच्याही कपड्यावरून फिरवते, किती धागे लागतील ह्याचा अंदाज घेत. मग बोट थांबलं.

आता धाकटी कधी कधी फोन करते. हवापाणी होतं, तब्येतीची चौकशी होते, आणि आठवड्यातून एकदा ही तिच्याकडे जाऊन चहा पिऊन येते. रफूबद्दल दोघी बोलत नाहीत. ते कापड हिने मागून आणलं, ते हिच्या खणात आहे. ब्लॉगच्या कडेला ते तीन करडे चौकोन अजून तसेच आहेत. तुमचं विजेट बिघडलंय, असं वाचणारे अधूनमधून कळवतात. लेक म्हणते, एका मिनिटात काढून टाकते. ही काढू देत नाही.